पायाखालची भुई : हिंगोलीच्या घरांची जमीन आणि प्लायवूडचा माळा

घरांचा इतिहास लिहिणारे भिंतीबद्दल लिहितात, दरवाजाबद्दल लिहितात, वाड्याच्या कोरीव खांबांबद्दल तर भरभरून लिहितात. जमिनीबद्दल कुणी लिहीत नाही. माणूस जिथे जन्मतो, जेवतो, झोपतो, नमाज पढतो आणि मेल्यावर ज्या जागेवर त्याला उतरवून ठेवतात, ती घराची जमीन इतिहासाच्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. कारण सरळ आहे. वाडे बांधणाऱ्यांची नावं लिहून ठेवली गेली, सारवणाऱ्या बायांची कुणी लिहिली नाहीत.

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आज प्लायवूडचं दुकान सापडतं. कपाटं, दिवाण, टीव्हीचं युनिट, किचन ट्रॉली, सगळं त्याच्यातून होतं. पण घराच्या जमिनीवर प्लाय अंथरा असं दुकानदाराला सांगून बघा, तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघेल. अमेरिकेत मात्र स्वस्तात घर सजवणारी माणसं प्लायवूडचे तक्ते कापून, घासून, वर पॉलिश मारून तीच घराची पक्की जमीन म्हणून वापरतात. आपल्याकडे हे का झालं नाही, असा प्रश्न घेऊन मी माहिती जमवायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की प्रश्नच थोडा चुकीचा आहे. आपल्याकडेही ते झालंय. हिंगोली, परभणी, नांदेडकडची कितीतरी माणसं रोज रात्री प्लायवूडच्या जमिनीवर झोपतात. फक्त ती जमीन हिंगोलीत नाही, मुंबईत आहे.

तिथपर्यंत पोहोचायचं तर सुरुवात मातीपासून करावी लागेल.

मराठवाड्याची काळी माती कापसाला आणि हळदीला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोनच भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. गावठाणातली पांढरी माती चिकट, पण फार न फुगणारी. घराच्या जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचं, लाकडी चोपण्यानं दिवसभर चोपायचं, वर पांढरी माती आणि बारीक भुसा यांचा थर द्यायचा, तो वाळत असताना पडलेल्या भेगा पुन्हा बुजवायच्या, आणि मग सारवायचं. ही जमीन फुकटची म्हणतात. पैशात ती फुकटच होती. बाकी हिशेब बायांच्या गुडघ्यांना विचारावा. आठवड्यातून किमान एकदा सारवण, चुलीपुढे रोज पोतेरं, पावसाळ्यात ओल वर आली की पुन्हा सगळं. पोरीचं वय सात-आठ झालं की तिच्या हातात पोतेरं येई.

मुसलमानांच्या घरात यात एक वेगळा पेच होता. हनफी फिकहप्रमाणे शेण नापाक. मग ज्या जमिनीवर नमाज पढायची ती शेणानं कशी सारवायची? माझ्या पाहण्यातल्या घरांनी यातून आपापल्या वाटा काढल्या होत्या. काही ठिकाणी नुसत्या पांढऱ्या मातीनं लिपायचे, त्याला आमच्या दखनीत ‘पोतना’ म्हणतात. काही ठिकाणी अंगणाला आणि गोठ्याला शेण, आतल्या खोलीला माती. आणि बऱ्याच घरांत शेजाऱ्यांसारखंच शेणानं सारवून, वाळल्यावर वर बोरिया किंवा सतरंजी अंथरून नमाज होत असे. यावर कुणी फतवा मागवल्याचं मला माहीत नाही. माती स्वतः पाकच मानलेली आहे, पाणी नसेल तर तयम्मुम मातीनंच करतात. मदिन्यातल्या मशिदीचं छप्पर खजुराच्या झावळ्यांचं होतं आणि पावसात ते गळून प्रेषितांच्या कपाळाला सजद्याचा चिखल लागला होता, ही रिवायत बुखारीत आहे. चिखलाच्या जमिनीची लाज बाळगण्याचं कारण नव्हतं. लाज नंतर आली, शेजारच्या घरात फरशी आली तेव्हा.

लाकडाची जमीन आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. खाली दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर वीतभर-हातभर मातीचा थर. ज्याच्याकडे पैसा तो या कडीपाटावर दुसरा मजला चढवायचा, त्याला माडी म्हणत. साग किनवट-माहूरच्या डोंगरातला, बैलगाडीनं आणायचा. म्हणजे माडीवरचा माणूस खरं तर लाकडी फळ्यांवर चालत होता. पण त्या फळ्या त्याला दिसत नव्हत्या, कारण त्यांच्यावरही माती टाकून सारवण केलेलं असे. लाकूड खालच्या माणसाला छत म्हणून दिसायचं, वरच्याला मात्र मातीच. उष्णता कमी व्हावी, आवाज खाली जाऊ नये, विस्तव सांडला तर घर पेटू नये, अशी त्याची कारणं. लाकडावर उघड्या पावलांनी चालण्याची हौस थंड मुलुखातली. आपल्याकडे उन्हाळ्यात मातीवर पाठ टेकण्यासारखं सुख नाही.

या मातीला पहिला धक्का रेल्वेनं दिला.

हिंगोली ही निजामाच्या राज्यातली जुनी छावणी. हैदराबाद कंटिंजंटचं सैन्य इथे होतं, त्यामुळे बाजार मोठा होता. 1912 मध्ये पूर्णा–हिंगोली रेल्वेमार्ग सुरू झाला. कापूस बाहेर जायला लागला आणि परतीच्या गाडीनं ज्या वस्तू आल्या त्यात शहाबादी फरशी होती. शहाबाद गुलबर्गा जिल्ह्यातलं, वाडी जंक्शनजवळचं गाव. तिथला चुनखडीचा दगड निसर्गतःच थराथरानं सुटतो. कारागिरानं छिन्नी लावली की दीड-दोन इंच जाडीचा सपाट तक्ता हातात येतो, करवतीची गरज नाही. सपाट दगड इतका सहज मिळणारी ठिकाणं फार थोडी.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गुलबर्गा आणि आपला परभणी जिल्हा दोन्ही निजामाच्याच राज्यात होते. ब्रिटिश हद्दीतून येणाऱ्या मालावर हैदराबाद राज्यात करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. शहाबादच्या दगडाला ती लागण्याचा प्रश्न नव्हता, माल घरचाच होता. मुंबईत 1922 पासून भारत टाइल्ससारख्या कंपन्या नक्षीच्या सिमेंट लाद्या बनवत होत्या आणि मुंबई-पुण्याच्या घरांत त्या पसरल्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत तशा लाद्या क्वचित दिसतात, शहाबादी जागोजाग दिसते. भाषा वेगळी, मुलूख दूर, पण तेव्हाची राजवट एक, एवढ्यानं आपल्या घरांची जमीन ठरून गेली. 1956 मध्ये गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. फरशी मात्र येतच राहिली.

‘फरशी’ हा शब्दही बघा. अरबीतला फर्श म्हणजे अंथरलेली गोष्ट, बिछायत. फारसी-उर्दूतून तो दख्खनमध्ये आला आणि मराठीनं त्याचा दगड करून टाकला. जे उचलून घडी घालायचं त्याला आपण कायमचं बसवलं.

शहाबादी ही पहिली अशी जमीन जिनं बायकांचं काम खऱ्या अर्थानं कमी केलं. झाडलं, ओलं फडकं फिरवलं, झालं. पण ती आधी कुणाच्या घरात गेली? देशमुख, व्यापारी, वकील, मशिदीचा सहन, देवळाचा मंडप. वडारांनी खाणीत दगड फोडला, गवंड्यांनी बसवला, आणि दोघांच्याही घरात पुढची कितीतरी वर्षं सारवणच राहिलं. सिमेंटचा कोबा आला तो त्यानंतर. शहाबादलाच सिमेंटचा कारखाना होता, 1936 मध्ये तो एसीसीत विलीन झाला. कोबा म्हणजे गरिबाची फरशी. वाळू-सिमेंट ओतायचं, वर निरू मारून थापीनं घोटायचं, हौस असेल तर लाल रंग टाकायचा. वीस वर्षं सहज टिकतो. मग तडे जातात, पोपडे निघतात, आणि माणूस त्यावर सतरंजी टाकून आणखी वीस वर्षं काढतो.

पुढे कडप्पा आला, मोझॅक आलं, मोरबीच्या टाइल्स आल्या. तो इतिहास सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. मध्ये 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची हजारो माणसं ज्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली, तीच माळवदं आमच्याकडेही होती. कुणी सांगायची गरज पडली नाही, ज्याला जमलं त्यानं माळवद उतरवून पत्रा टाकला. 10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा उरल्यासुरल्या माळवदांखालची माणसं घराबाहेर धावली, पत्र्याखालची त्यांच्या पाठोपाठ. माळवदं उतरली तशी माडीही गेली. कडीपाटाचं लाकूड जुन्या बाजारात विकलं गेलं.

आता प्लायवूड. लाकडाचा ओंडका लेथवर फिरवून कागदाच्या गुंडाळीसारखी त्याची साल काढायची, त्या पातळ सालींचे तक्ते एकावर एक आडवे-उभे चिकटवायचे, की लाकूड वाकत नाही आणि फाटत नाही. युक्ती जुनी आहे, पण कारखान्यातून तक्ते निघू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेत 1905 च्या पोर्टलंडच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि तिथल्या घरबांधणीत शिरले. भारतात प्लायवूड आलं ते चहाच्या खोक्याच्या रूपानं. मळ्यातला चहा लंडनला पाठवायला हलकी आणि मजबूत पेटी हवी होती. ती आधी बाल्टिक देशांतून यायची, नंतर आसामात आणि केरळात कारखाने निघाले. कन्नूरजवळ बलियापट्टमला वेस्टर्न इंडिया प्लायवूड्स ही कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली. आपल्या गावांनी प्लायवूड पहिल्यांदा पाहिलं ते किराणा दुकानातल्या रिकाम्या चहाच्या खोक्यात, ज्याच्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या असत. दुकानदार ते विकायचे. घरी नेऊन त्यात गोधड्या, पुस्तकं, ज्वारी, काय वाट्टेल ते ठेवायचे.

12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानं जंगलतोडीवर आणि बिनपरवाना सॉ मिलवर बंधनं आली, ईशान्येतल्या प्लायवूड कारखान्यांचा धंदा बसला. मग शेतकऱ्यांनी बांधावर लावलेल्या पॉप्लरवर हरियाणातलं यमुनानगर उभं राहिलं. आज आपल्या दुकानांत येणारा बराचसा प्लाय तिकडचा.

मग तो जमिनीवर का नाही? हिशेब करून पाहिला. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. आठ बाय चारचे तीन तक्ते आडवे टाकले की आठ बाय बारा भरतं. उरलेली दोन फुटांची पट्टी चौथ्या तक्त्यातून निघते, वर आठ चौरस फूट शिल्लक. चार तक्ते म्हणजे काही फार नव्हे. पण इथे साधा एमआर दर्जाचा प्लाय चालणार नाही. तो ओल सोसतो, पाणी नाही. त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर घ्यावा लागेल, जो उकळत्या पाण्यातही सुटत नाही असं त्याच्या नावातच आहे. आणि 18 मिलिमीटरचा तसा प्लाय घेतला, वर पॉलिश आणि सुताराची मजुरी धरली, की साध्या टाइल्सपेक्षा महागच पडतो. अमेरिकेत तो स्वस्त, कारण तिथे त्याची तुलना सागाच्या-ओकच्या पट्ट्यांशी होते. आपल्याकडे त्याची तुलना दगडाशी.

पैशापेक्षा मोठी अडचण पाण्याची. आपण जमीन पुसत नाही, धुतो. ईदच्या आदल्या दिवशी घरात बादल्या ओतल्या जातात, दिवाळीला शेजारी तेच करतात. स्वयंपाक खाली बसून, जेवण खाली बसून, भांडी कित्येक घरांत अजून खाली बसून. तक्त्याच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की थर सुटतात आणि जमिनीला फुगे येतात. खालून वाळवी. मराठवाड्याच्या मातीत वाळवीला आमंत्रण लागत नाही. ज्या जमिनीवर चोवीस तास जगायचं आहे तिला पाण्याचं भय नको, हे गरिबाला पुस्तक न वाचता कळतं.

आणि तरीही प्लायवूडची जमीन झालीच. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं मुंबईला गेली त्यात दलित होते, मुसलमान होते, भूमिहीन होते. चेंबूर, मानखुर्द, गोवंडीकडे ती वसली. दहा बाय बाराच्या त्याच खोल्या, पण त्यात आधी चार माणसं, मग सात, मग अकरा. बाजूला वाढायला जागा नाही, म्हणून घर वर वाढलं. महापालिकेनं झोपडीच्या उंचीची मर्यादा 14 फूट धरली होती. चौदाचे दोन भाग केले की सात आणि सात. या आकड्यातून मुंबईचा माळा जन्माला आला.

माळ्याची रचना बघण्यासारखी आहे. भिंतीत लोखंडी अँगल बसवतात, दोन-दोन फुटांवर आडवे पाइप किंवा आय-सेक्शन, त्यावर प्लायवूडचे तक्ते स्क्रूनं घट्ट, आणि वर लादीचं चित्र छापलेलं विनाइलचं मॅट. तुळया, कड्या, पाट आणि वर एक थर. गावातली माडी ज्या पद्धतीनं बांधत त्याच पद्धतीनं हा माळा बांधतात, फक्त सागाच्या जागी लोखंड, पाटाच्या जागी प्लाय, आणि सारवणाच्या जागी विनाइल. गावात माडी देशमुखाची होती, मुंबईत ती हमालाच्या, शिलाई कामगाराच्या वाट्याला आली.

आमच्या नात्यातलं एक कुटुंब अशाच माळ्यावर पंचवीसेक वर्षं राहिलं. खाली स्वयंपाक आणि म्हातारे, वर मुलगा-सून आणि त्यांची लेकरं. चढायला बाहेरून लोखंडी शिडी, जवळजवळ उभी. त्या घरातली सून दिवस भरलेले असतानाही ती शिडी चढत-उतरत होती. एकीकडे हेही खरं की खालच्या खोलीत पुरुष मंडळी असताना तिला दार लावून बसता येईल अशी त्या घरातली ती एकच जागा होती. एप्रिल-मे महिन्यात डोक्यावर हातभर अंतरावर तापलेला पत्रा. वरून पोरं धावली की खालच्या माणसाच्या चहात भुसा पडे. पत्रा गळाला की प्लाय भिजे, आणि सहा-सात वर्षांत पाय ठेवला की दबतो आहे असं कळे. मग तेवढाच तुकडा कापून नवा बसवायचा. अख्खा माळा एकदम बदलल्याचं मी कुठे पाहिलं नाही. आगीचं भय वेगळंच. खाली गॅस, वर लाकूड, आणि उतरायची वाट एक.

बांधकामावरच्या मजुरांची गोष्ट याहून उघडी आहे. पुण्या-मुंबईच्या टॉवरच्या स्लॅबला जो शटरिंगचा प्लाय वापरतात, तो पाच-दहा वेळा वापरून निकामी झाला की पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांच्या अंगाखाली येतो. सिमेंटचे डाग असलेला, कडा फुटलेला तक्ता, खाली चार विटा. वर टॉवरमध्ये इटालियन मार्बल बसत असतो.

गावाकडे काय स्थिती आहे? 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 47 टक्के घरांची जमीन मातीची होती. ग्रामीण भागात हे प्रमाण 60 टक्क्यांच्या वर होतं. जनगणनेच्या फॉर्ममध्ये जमिनीच्या प्रकारांत ‘लाकूड/बांबू’ असाही एक रकाना असतो. मुंबईतल्या माळ्याची नोंद त्यात होत असेल असं वाटत नाही. प्रगणक खालच्या खोलीत बसतो, खालची लादी बघतो आणि ‘मोझॅक/टाइल्स’ असं लिहून निघून जातो.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि किमान 25 चौरस मीटरचं घर असा हिशेब आहे. ज्यानं कधी घर बांधलंय त्याला ठाऊक असतं की पैसा पायात, भिंतीत आणि स्लॅबमध्ये संपतो. जमीन सगळ्यात शेवटी येते, म्हणून जमिनीसाठी कधी पैसा उरत नाही. घरकुलाचा फोटो बाहेरून काढतात. भिंतीवर योजनेचं नाव रंगवलेलं असतं, आत मुरूम दाबून सारवलेला असतो. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात 2000 साली सरकारनं उलटं केलं होतं. बाकी घर तसंच ठेवून फक्त मातीच्या जमिनीवर सिमेंट ओतून दिलं. ‘पिसो फिर्मे’ असं त्या योजनेचं नाव. पुढे अभ्यासकांनी मोजलं तर मुलांच्या पोटातले जंत, जुलाब आणि रक्तक्षय यांत मोठी घट दिसली, आणि आयांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त समाधान सांगितलं. रांगणारं मूल जमिनीवर हात ठेवतं आणि तोंडात घालतं, एवढं साधं गणित त्यामागे आहे. आपल्याकडे घरकुलाच्या अखेरच्या हप्त्याला कोब्याची अट घातली आणि तेवढे पैसे वेगळे दिले, तर फार मोठा खर्च नाही. ही मागणी ग्रामसभेत पुरुषांनी केल्याचं मी ऐकलं नाही. बायांना तिथे बोलू दिलं तर ती पहिली येईल.

राहता राहिला प्लाय. गावाकडे कुणाला पोटमाळा करायचाच असेल, आणि आता वस्तीत जागा उरली नसल्यानं हिंगोलीतही ते सुरू झालंय, तर मुंबईत माळे बांधून आलेल्या एका सुतारानं सांगितलेलं लिहून ठेवतो. तक्ता 18 मिलिमीटरपेक्षा पातळ नको. बीडब्ल्यूआर किंवा मरीनचाच घ्यावा, कडेवर आयएसआयचा शिक्का बघून. दोन तक्त्यांचा सांधा नेहमी लोखंडावर यावा, मध्ये अधांतरी नको, आणि सांध्यात नखाएवढी फट ठेवावी म्हणजे पावसाळ्यात तक्ता फुगला तरी उचलणार नाही. कापलेल्या कडांना बसवण्याआधी दोन हात रंग किंवा प्रायमर द्यावा, कारण पाणी तिथूनच शिरतं. खालच्या बाजूलाही द्यावा. खालच्या बाजूला कुणीच देत नाही, असं तो म्हणाला, कारण तो खर्च वरून दिसत नाही.